दूरदर्शनवरील आनंदी आणि फिलाडेल्फियातील आनंदीबाई

१९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आणणाऱ्या, त्या नाटकाच्या हक्कासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढत गेलेल्या आणि त्या सर्व दिवसांची कैफियत ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात प्रांजळपणे मांडून ठेवणाऱ्या कमलाकर सारंग यांनी दूरदर्शनसाठी ‘आनंदी गोपाल’ नावाची एक हिंदी मालिका दिग्दर्शित केली होती, ही गोष्ट आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या स्मरणात असेल. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावर श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली लिहिलेली त्याच नावाची कादंबरी मराठी घरांतून वाचली गेली, राम जोगळेकर यांनी तिचे नाटक केले, आणि २०१९ साली समीर विद्वांस यांच्या चित्रपटाने ही कथा नव्या पिढीपुढे आणली. या सर्वांच्या मधल्या काळात येऊन गेलेली ती मालिका मात्र विस्मृतीच्या कप्प्यात पडून राहिली. एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने सातासमुद्रापलीकडे जाऊन तेथील अन्न, वस्त्र, हवा, भाषा आणि धर्ममते यांच्याशी कसा व्यवहार केला, हा विषय छोट्या पडद्याला अत्यंत अनुरूप असून, त्याकडे वऱ्हाडातून पाहिले असता त्याचे काही निराळेच पैलू दृष्टीस पडतात.

वऱ्हाडात दूरदर्शन उशिराने आले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तरी त्याच्या लहरी शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या पलीकडे पोहोचण्याजोग्या नसल्यामुळे अमरावती आणि अकोल्याच्या नागरिकांना मुंबईचा हा नवलाव वर्तमानपत्रांतूनच वाचावा लागे. १९८३ च्या ऑगस्ट महिन्यात इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात सोडला गेला, दिल्लीहून निघालेला कार्यक्रम त्याच्या मार्फत देशभरच्या लहान लहान प्रक्षेपकांपर्यंत उतरू लागला, आणि १९८४ नंतरच्या काही वर्षांत मध्यम शहरांच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेने उभे राहिले. आरंभी संचाचा परवाना टपाल कचेरीत काढावा लागे, वाहिनी एकच असे, आणि ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या बैठकीत सायंकाळी सारी आळी गोळा होई. राष्ट्रीय कार्यक्रमाची भाषा हिंदी होती, ही गोष्ट पुण्या-साताऱ्याकडे कदाचित काहीशी परकी वाटली असेल. परंतु मध्यप्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांतात १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच सरकारी छत्राखाली नांदल्या असल्यामुळे आणि कापसाच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच तोंडी वावरत असल्यामुळे, कल्याणची मराठी आनंदी हिंदीत बोलू लागली तेव्हा अकोल्याच्या श्रोत्याला त्यात फारसे अवघडल्यासारखे झाले नसावे.

आता मूळ चरित्राकडे वळू. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी, तिच्याहून पुष्कळच वडील असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला, आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीला शिकवायचेच हा त्यांचा हट्ट इतका प्रखर होता की त्यापायी त्यांनी घरच्यांचा, शेजाऱ्यांचा आणि प्रसंगी पत्नीचाही रोष ओढवून घेतला, आणि खात्याच्या बदल्यांबरोबर हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे हिंडत राहिले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. योग्य वैद्यकीय साह्य मिळते तर तो वाचला असता, ही जाणीव त्यांच्या मनात रुतून बसली आणि तेथूनच डॉक्टर होण्याचा संकल्प आकारास आला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साह्याची याचना करणारे जे पत्र पाठविले होते ते रॉयल वाइल्डर यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले. साह्याच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा होती आणि ती या दांपत्यास मान्य नव्हती, त्यामुळे तो मार्ग खुंटला. परंतु न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती त्या नियतकालिकाचा अंक पडला, आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. एका खंडातील अनोळखी स्त्रीने दुसऱ्या खंडातील अनोळखी मुलीला लिहिलेल्या या पत्रातून जो स्नेह उत्पन्न झाला, त्याच्याच आधारावर पुढची सारी इमारत उभी राहिली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जे भाषण केले ते परदेशगमनाच्या मराठी इतिहासात फार मोलाचे आहे. समाजाने विचारलेल्या आणि न विचारलेल्या सर्व प्रश्नांना त्यांनी त्यात क्रमाने उत्तरे दिली: मी का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय करीन, आणि हिंदू म्हणून जाते व हिंदू म्हणूनच परत येईन असे अभिवचनही दिले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ७ एप्रिल रोजी, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. पती बरोबर नव्हता. खर्चाच्या भरतीसाठी अंगावरचे सोने मोडले होते.

रोझेलमधील तो उन्हाळा हा या कथेतील सर्वांत प्रसन्न भाग आहे, आणि माझ्या मते नाटककाराने आणि मालिकाकाराने ज्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा असा भागही तोच आहे. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत आणि त्यांच्या मुलींत बहिणीसारख्या वावरत. त्या घरात त्यांनी मराठी पद्धतीचा स्वयंपाक करून वाढला, आणि त्या घरानेही या मुलीच्या शाकाहाराविषयी, कुंकवाविषयी आणि देवाधर्माविषयी कसलीही सक्ती केली नाही. परदेशी रुळणे म्हणजे गेलेल्या माणसाने आपल्याला बदलून घेणे, एवढाच अर्थ आपण सामान्यतः धरून चालतो. ज्या घराने त्याला थारा दिला त्या घरानेही आपल्या सवयी थोड्या बाजूला सारल्या, ताटात वेगळा पदार्थ वाढला, न कळणाऱ्या रीतीला मान दिला, तेव्हाच ते रुळणे शक्य झाले, हा अर्धा भाग कथेतून गळून पडतो. थिओडिशिया कार्पेंटर या काही विद्वान नव्हत्या, संस्थाचालक नव्हत्या, त्यांच्या हाती कसला अधिकार नव्हता. परंतु आनंदीबाईंच्या अमेरिकेतील वास्तव्याचा जो काही सुखाचा हिस्सा आहे त्यावर त्यांचीच मुद्रा उमटलेली आहे, आणि पुढे आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडेच पाठविल्या गेल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या, यात सर्व काही आले.

फिलाडेल्फिया निराळे होते. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश आणि विद्यावेतन मिळाले. अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांच्यावर माया केली. परंतु राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेकोटी सदोष होती, ती पेटविली तर खोली धुराने भरून जाई आणि न पेटविली तर थंडीने अंग काकडे, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढलेला पाहणाऱ्या अकोल्याच्या वाचकाला त्या थंडीची कल्पना करणे कठीण आहे; कोकणपट्टीच्या दमट उबेत वाढलेल्या मुलीलाही ते तितकेच कठीण होते. नऊवारी लुगडे त्या हवेला पुरेसे नव्हते आणि त्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा तोडगा काढला. परंतु अन्न बदलले नाही. या दोन निर्णयांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कोणती गोष्ट सोडल्याने आपण आपण उरत नाही आणि कोणती सोडल्याने केवळ सोय होते, याचा विवेक एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने कोणत्याही वडीलधाऱ्याला न विचारता केला, आणि आपल्या निर्णयाची किंमत आपल्या शरीराने चुकविली. अपुरा आहार, थंडी, अभ्यासाचा ताण आणि आधीपासूनचे अशक्तपण यांतून प्रकृती ढासळत गेली आणि अखेरीस क्षयाने त्यांना गाठले. शाकाहार सोडला असता तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणणारे लोक त्या काळीही होते आणि आजही भेटतात. माझ्या मते हा निवाडा करण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कुणालाही नाही.

१० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरात जतन केलेले आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेषातील सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तिघी विद्यार्थिनी एकत्र आहेत. तिघींनीही आपापल्या देशांतून येऊन त्याच महाविद्यालयात वैद्यकीचे शिक्षण घेतले. परकेपण ही एकट्याने सोसायची गोष्ट आहे असे वाटत असताना आणखी दोघी तितक्याच परक्या शेजारी उभ्या असणे, हा केवढा आधार असतो, हे घराबाहेर राहून शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या तिघींच्या मैत्रीवर स्वतंत्र नाटक लिहिता येईल आणि कुणीतरी ते लिहावे.

मालिकेच्या शीर्षकाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण कादंबरीपासून चित्रपटापर्यंत ते सर्वत्र कायम राहिले आहे. आनंदी आणि गोपाळ ही दोन नावे जोडून आली की कथा सहजच दांपत्याची होते. विक्षिप्त, हट्टी, सुधारणेने झपाटलेला पती आणि त्याच्या हट्टाखाली दबलेली, नंतर त्याच्याही पुढे निघून गेलेली पत्नी, हा संघर्ष रंगमंचाला आणि पडद्याला आयताच मिळतो. सारंग यांच्यासारख्या दिग्दर्शकाला तो जवळचा वाटला असेल तर नवल नाही, कारण पुरुषाच्या छताखाली राहणारी स्त्री, त्याने स्वीकारलेली वा विकत घेतलेली, हा त्यांच्या नाट्यजीवनाचा एक कायमचा विषय होता. १९८१ साली त्यांनी दिग्दर्शित केलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’मध्ये तर स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्या पतीच्या घरात आपले खरे स्थान काय हे पत्नीला हळूहळू उमगत जाते. गोपाळरावांचे ऋण मोठे आहे, त्यांच्यावाचून आनंदीबाई घडल्या नसत्या, हे निर्विवाद. तथापि अमेरिकेतील पहिली दोन वर्षे गोपाळराव तेथे नव्हतेच. ते १८८५ मध्ये पोहोचले, आणि पोहोचल्यावर तेथील समाजावर व स्त्रियांवर जी कडवट व्याख्याने देत फिरले त्यांनी आपल्या पत्नीच्या यजमानांना अवघडून टाकले. म्हणजे ज्या काळात आनंदीबाई खऱ्या अर्थाने स्वतःचे निर्णय स्वतः घेत होत्या, तो काळ दांपत्यकथेच्या चौकटीत मावत नाही. त्या काळाची साक्ष त्यांच्या पत्रांत आहे, आणि ती पत्रे मराठी वाचकांपुढे आणण्याचे श्रेय काशीबाई कानिटकरांचे आहे, ज्यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिताना त्यांच्या पत्रव्यवहाराला त्यात मोठे स्थान दिले. एका स्त्रीचे मन दुसऱ्या स्त्रीने वाचले, म्हणून ते चरित्र आजही ताजे वाटते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, म्हणजे परदेशी बसून लिहिलेला अभ्यासही आपल्या बायकांच्या बाळंतपणावरच होता. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. परंतु कामावर रुजू होण्याइतके बळ अंगात उरले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

या इतिहासाचा वऱ्हाडशी असलेला संबंध अमरावतीकर रोज उच्चारतात. जिल्हा स्त्री रुग्णालयाला अमरावतीत आजही कुणी त्याच्या सरकारी नावाने ओळखत नाही. रिक्षावाल्याला ‘डफरीन’ म्हटले की पुरते. हे नाव ज्यांचे, त्या लेडी डफरीन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून देशव्यापी निधी उभारला तो १८८५ साली, म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियात पदवीच्या उंबरठ्यावर असताना. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भगिनींसाठी मला शिकायचे आहे, असे आनंदीबाईंनी महाविद्यालयाला पाठविलेल्या अर्जात निक्षून सांगितले होते. त्याच दुखण्यावर व्हाइसरॉयच्या पत्नीने निधी जमविला, आणि गावोगावी जनाना दवाखाने उभे राहिले. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात, तेही आणखी एका व्हाइसरॉयच्या पत्नीचे नाव. ज्या मुलीने या गरजेसाठी समुद्र ओलांडला तिचे नाव मात्र आपल्या या दोन शहरांच्या बोलण्यात कुठेच नाही, याचे मला दुःख होते.

परदेशी राहून आलेल्या माणसांची वऱ्हाडला वाण नाही. दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी १९०८ मध्ये विलायतेस गेले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ करून दाखविले. परंतु आनंदीबाईंशी ज्यांची तुलना मला उद्बोधक वाटते ते पापळचे पंजाबराव देशमुख. एका शेतकऱ्याचा हा मुलगा विशीत असताना इंग्लंडला गेला, एडिंबरोची एम. ए. आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन, बॅरिस्टर होऊन, १९२६ मध्ये परतला. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांचा प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. पंजाबरावांना पैशाची ओढाताण सोसावी लागली, थंडी आणि एकटेपणही सोसावे लागले असणारच; परंतु त्यांनी काय घातले आणि काय खाल्ले याचा हिशेब त्यांच्याकडे कुणी मागितला नाही. आनंदीबाईंकडे तो दोन्ही काठांवरून मागितला गेला: तिकडचे धर्मप्रसारक विचारीत की अजून ख्रिस्ती का होत नाही, आणि इकडचे धर्ममार्तंड विचारीत की अजून हिंदू राहिली आहे काय. पुरुषाचे परदेशात रुळणे ही त्याची खाजगी बाब ठरते आणि स्त्रीचे रुळणे ही साऱ्या समाजाची चौकशी ठरते. अमरावती-अकोल्याहून शिक्षणासाठी पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेलेल्या मुलींना आजही सुट्टीत घरी आल्यावर कपड्यांवरून आणि खाण्यावरून जे प्रश्न विचारले जातात, ते ऐकताना या चौकशीची मुदत अद्याप संपलेली नाही असेच म्हणावे लागते.

पंजाबरावांनी परत आल्यावर जे केले त्यात मात्र रोझेलच्या त्या घराचा गुण आहे. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, जेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि त्याच संस्थेने १९८४ मध्ये त्यांच्या नावाने अमरावतीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. परक्या गावी राहून शिकण्यातील अडचण प्रवेशाच्या कागदापाशी संपत नाही, ती जेवणाच्या पानापासून आणि झोपण्याच्या खोलीपासून सुरू होते, हे ज्याने भोगले त्यानेच वसतिगृह आधी काढले. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतून अमरावतीस शिकण्यासाठी येणाऱ्या कोरकू मुलीला अमरावती हेच फिलाडेल्फिया असते: भाषा वेगळी, स्वयंपाक वेगळा, आणि प्रत्येक हालचालीवर अनोळखी डोळे. तिला येथे एखादी कार्पेंटर मावशी भेटते किंवा नाही, यावर तिचे शिक्षण पुरे होणे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

म्हणून माझी दोन ठिकाणी विनंती आहे. दूरदर्शनने आपल्या संग्रहातील ‘आनंदी गोपाल’ काढून ती मालिका पुन्हा एकवार दाखवावी. सारंग यांच्यासारख्या दिग्दर्शकाचे काम म्हणूनही तिला हा मान मिळाला पाहिजे. आणि अमरावतीच्या पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाने व अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने नव्या विद्यार्थिनींचे स्वागत करताना आनंदीबाईंची पत्रे त्यांच्या हाती द्यावीत. दोन्ही ठिकाणी घराबाहेर पहिल्यांदाच पाऊल टाकलेल्या मुली दरवर्षी येतात. पदवीच्या तारखेच्या आधी त्या बाईंनी सोसलेल्या हिवाळ्यांची माहिती त्यांना पहिल्याच महिन्यात व्हावी.